मामाची डिस्क: टकटक थांबली, मोटारही थांबली

मामाची बंद पडलेली हार्ड डिस्क दुरुस्त करतेय, त्यात लग्नांचे फोटो आहेत. टकटक थांबली. पण ती रॉम (डिस्कच्या बोर्डावरची तिची माहिती साठवणारी छोटी चिप) दुसऱ्या बोर्डावर हलवल्यावर थांबली आणि तिच्याबरोबर मोटारही थांबली, म्हणून पंधरा दिवस इकडे तोंड दाखवलं नाही.

मागच्या वेळी कुठे होतो तेवढी आठवण करून देते. मामाने डिस्कच्या केसच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरच्या जागी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर खुपसला होता (पिन बसली म्हणजे चालतं, हा आमच्या घरचा न्याय). टीव्हीएस (जास्त व्होल्टेजपासून वाचवणारा डायोड) शॉर्ट, आणि तो काढूनही काही नाही, कारण मोटार ड्रायव्हरच्या, म्हणजे मोटार फिरवणाऱ्या चिपच्या, पोटाला भोक पडलेलं. मग डोनर बोर्ड, म्हणजे तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड. नंबर शेपटापर्यंत जुळणारा, तरी डिस्क फिरायची, पाच-सहा वेळा टकटक करायची आणि गप्प. विकणाऱ्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॅडम, नुसता लावा नि चालू करा." प्रत्येक डिस्कच्या हेडचं (तबकडीवरून वाचणाऱ्या टोकाचं) कॅलिब्रेशन वेगळं असतं आणि ते त्या आठ पायांच्या रॉममध्ये बसलेलं असतं, हे बोर्ड विकणाऱ्यांना खरंच माहीत नसतं की सांगायचं नसतं?

आधीचा बेत असा होता की जुन्या रॉमची कॉपी घ्यायची आणि डोनरच्या रॉमवर लिहायची. चिप बोर्डावरच ठेवून क्लिप लावली, तीनदा वाचलं, तीन वेगळे हॅश (वाचलेल्या डेटाचा जणू बोटाचा ठसा; डेटा तोच तर हॅश तोच) आले. क्लिपमधून जाणारा करंट बाकीच्या बोर्डालाही अर्धवट जागा करतो, मग मध्येच कंट्रोलर बोलायला लागतो. शिवाय चिप वाचणारा काळा सीएच३४१ए प्रोग्रामर चिपला ३.३ व्होल्ट देतो, पण डेटाच्या तारांवर ५ सोडतो. स्वस्त आहे म्हणून सगळे घेतात, मीही घेतला. घेणार असाल तर आधी त्याची दुरुस्ती करा, मग वापरा. शेवटी चिप हॉट एअरने उतरवली, सॉकेटमध्ये घालून वाचली. तीनही वेळा ५,२४,२८८ बाइट, तीनही हॅश सारखे. त्या संध्याकाळी मी उगाचच दोन चहा प्यायले. चिप उतरलीच आहे तर लिहालिही कशाला, म्हणून तीच डोनरवर चढवली.

आणि मोटार हलेना. आधी निदान टकटक तरी होती!

पहिला संशय स्वतःवर: हवा जास्त लागून डोनर बोर्ड भाजला असणार. डोनरची स्वतःची रॉम परत चढवली. फिरली, टकटक. म्हणजे बोर्ड जिवंत. मग चिप मेली असेल? पुन्हा सॉकेटमध्ये घातली, हॅश तोच. म्हणजे चिपही जिवंत. दोघं वेगवेगळे शहाणे, एकत्र आले की मुके. मोटारच्या तिन्ही फेज (गुंडाळ्या) कॉमन टोकाशी मोजून घेतल्या, प्रत्येकी १.३ ओहम; त्यांचा काही दोष नव्हता, पण अशा वेळी माणूस काहीही मोजत बसतो. हेडचे संपर्क पांढऱ्या खोडरबराने घासले, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसले. चिप पुन्हा चढवली. तेच.

मीटर कंटिन्युइटीवर लावला, जोडणी असली की बीप. आठही पाय, पायावरून ट्रॅकपर्यंत, बीप बीप बीप. इथे माझे तीन दिवस गेले, आणि म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहितेय. चौथ्या रात्री भिंगाखाली शिवणाची सुई घेऊन एकेक पाय बाजूने हळूच ढकलला. २ नंबरचा पाय हलला. केसाएवढा. उतरवताना चिमट्याने उचकटला गेला असणार, आणि तेव्हापासून तो पॅडच्या वर तरंगत होता, फ्लक्समुळे वरून चकचकीत, आतून ड्राय सोल्डर, म्हणजे न धरलेला जोड. २ नंबर म्हणजे डेटा बाहेर येण्याचा पाय. तोच तुटला तर कंट्रोलरला वाचायला काही नाही, मग मोटार कशी फिरवणार?

मीटर का फसला, ते सांगते. प्रोबचं टोक मी पायावर टेकवत होते आणि माझ्याच दाबाने तो पॅडला चिकटत होता. प्रोब उचलला की पाय वर. सॉकेटचंही तेच, झाकण दाबलं की पाय दाबला जातो, म्हणून हॅश दर वेळी बरोबर! यापुढे पायावर नाही, पायाजवळच्या सोल्डरवर टेकवायचं, तेही दाब न देता. चांगला फ्लक्स घ्या, पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारी पिवळी डबी वायरींसाठी ठीक आहे, या कामाला नाही.

पाय सरळ केला, सोल्डरिंगच्या टोकदार बिटाने एक थेंब. पॉवर दिली. फिरली, एकदाच हलकं कुरकुरली, शांत. स्क्रीनवर पूर्ण मॉडेल नंबर आणि ९७,६७,७३,१६८ सेक्टर. ५०० जीबीवाल्यांना हा आकडा पाठ असतो. मला तो त्या रात्री आमच्या पिनकोडपेक्षा जवळचा वाटला.

फाइल उघडून बघायचा मोह आवरला आणि थेट डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कची कॉपी घेणारा प्रोग्राम), पहिल्या फेरीत खरवडणं, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा पुन्हा पुन्हा वाचणं, बंद ठेवून. सुरुवातीला ९० एमबी प्रति सेकंद, मग मध्येच काही केबीवर. नंतर पुन्हा जोरात. बेत होता की एक फेरी सुलट, एक उलट. पण हे लिहिता लिहिता मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) उघडून बघितली, तर मंद पट्टे जवळपास सारख्या अंतरावर आहेत. हा खराब सेक्टरांचा नाही, एका हेडचा नमुना वाटतोय. बहुधा १९ व्होल्टचा प्रसाद आतपर्यंत गेलाय. तसं असेल तर उलट फेरीने त्याच हेडला पुन्हा छळण्यात अर्थ नाही. थांबवून एचडीडीसुपरक्लोन या दुसऱ्या प्रोग्रामने तो हेड वगळून बाकीचं आधी उचलते. झाकण उघडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. हेड बदलणं आपल्या जेवणाच्या टेबलावरचं काम नाही.

आत्ता ६१ टक्के. उद्या गुरुवार, म्हणजे वीज जाणार. मॅपफाइलमुळे जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होईल, पण तेवढ्यासाठी डिस्क पुन्हा थांबवायची आणि फिरवायची वेळ आणायची नाहीये. शेजारच्यांचा यूपीएस मागून आणलाय. मामाचा फोन आला, "लग्नांचे फोटो मिळतील ना गं?" म्हटलं, मिळतील, पण आधी तो १९ व्होल्टचा अडॅप्टर माझ्याकडे आणून दे.