हशा कोणाचा?

अमेरिकी विनोदवीर बो बर्नमच्या ‘इनसाइड’वरून आज मित्राशी वाद झाला म्हणून २०२१ सालचा तो कार्यक्रम मी पुन्हा पाहिला. प्रेक्षकांविना, एका खोलीत चित्रित झालेल्या प्रयोगाला स्टँडअप म्हणायचेच कशाला, असा मित्राचा सवाल होता. हशाच नसेल तर विनोद जमला की फसला हे ठरवणार कोण? (मुद्दा बिनतोड होता, हे त्याला मी अजून सांगितलेले नाही.) ऑस्ट्रेलियन विनोदकार हॅना गॅड्सबी यांनी २०१८ च्या ‘नॅनेट’ या कार्यक्रमात विनोदातला ताण हशाने मोकळा न करता मुद्दाम तसाच ठेवून सभागृह गप्प केले, तेव्हा ती शांतता तरी जिवंत माणसांची होती. ‘इनसाइड’च्या शेवटी मात्र बर्नम दाराबाहेर प्रकाशझोतात येतो, टाळ्या ऐकू येतात, तो घाबरून बंद दार ओढू लागतो आणि न दिसणारे प्रेक्षक खदखदून हसतात. पहिल्यांदा पाहताना त्यांच्यासोबत मीही हसलो होतो.