पहिल्या सलाइनच्या आधीचे चौदा दिवस

मंगळवार, खारघर. दिवसभर पाऊस.

तरुण मुलीच्या बायोप्सीत स्तनाचा कॅन्सर निघाला की घरात एकच घाई सुरू होते: केमो कधी? त्यात ‘पुढे मूल हवंय का’ असं विचारलं की आई म्हणते, ‘आधी पोरगी वाचू दे.’ तिचं चूक नाही. तरीही विचारायचं ते त्याच दिवशी. सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधानं अंडाशयातला बीजांचा साठा झिजतो आणि झिजलेला भरून येत नाही.

म्हणून केमोआधी अंडी काढून गोठवायची. हल्ली त्यासाठी पाळीची वाट बघत बसावं लागत नाही. महिन्याच्या कुठल्याही दिवशी अंडी वाढवायची इंजेक्शनं सुरू करता येतात, 10 ते 14 दिवसांत अंडी काढून होतात. ऑपरेशन आधी असेल तर जखम भरेपर्यंत हे सहज बसतं. केमो आधी असेल तर मात्र एकेक दिवस मोजावा लागतो. ठाण्याहून लोकलनं दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीला यायचं म्हणजे दमछाक होते, म्हणून सेंटर घराजवळचं निवडलेलं बरं.

सोबत लेट्रोझोल, बहुधा रोज 5 मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या दोन गोळ्या. अंडी वाढताना चढणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन ती दाबून ठेवते. अंडी निघाली की ‘झालं काम’ म्हणून पुष्कळजणी ती आपणहून सोडतात. इस्ट्रोजेन खाली आल्याचं रक्तात दिसेपर्यंत ती चालू हवी.

इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेलं औषध फेकावंच लागतं. नाभीपासून दोन बोटं बाजूला, चिमटीत कातडी धरून सुई टोचायची, बटण पूर्ण दाबायचं, दहा आकडे मोजायचे, मगच सुई काढायची. घाईत ओढली तर थेंब बाहेर येतो, म्हणजे तेवढा डोस वाया.

सगळ्यात नाजूक ते शेवटचं, अंडी पक्व करणारं ट्रिगर इंजेक्शन. सोमवारी रात्री 10 ला दिलं तर बुधवारी सकाळी 9 च्या सुमारास अंडी काढतात, म्हणजे 35 तासांनी. तासभर इकडेतिकडे झालं तर लगेच फोन करून सांगायचं, लपवायचं नाही. ट्रिगरनंतर अंडी काढायला फार उशीर झाला तर ती आधीच सुटून जातात. दोन मोबाइलवर गजर लावायला सांगावा.

लग्न झालेलं असलं तरी काही अंडी भ्रूण न करता तशीच गोठवून ठेवावीत, असं मला ठामपणे वाटतं. भ्रूणाला नवऱ्याची संमती लागते, अंडी तिची एकटीची. कृत्रिम गर्भधारणेबाबतच्या 2021 च्या कायद्यानं ती 10 वर्षांपर्यंत साठवता येतात.

अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवणाऱ्या गोसेरेलिनचं 3.6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर 28 दिवसांनी, पहिलं केमोच्या किमान आठवडाभर आधी. अंडाशयाला त्यानं थोडं संरक्षण मिळतं, पण ते घेतलं म्हणून गोठवणं टाळू नये. ‘पाळी आली म्हणजे सगळं ठीक’ हेही खरं नाही. पाळी येत असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो. उलट पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, म्हणून केमोत कॉपर टी किंवा निरोध हवाच. गर्भनिरोधक गोळ्या नकोत.

टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सरला इस्ट्रोजेनचा फायदा होऊ न देणारी गोळी. तिच्याबद्दल 2023 साली एका अभ्यासातून दिलासा मिळाला. दीड ते अडीच वर्षं अशा हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या घेऊन, मग गरोदरपणासाठी दोन वर्षांपर्यंत थांबलेल्या बायकांत तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण 8.9 टक्के होतं, न थांबलेल्यांच्या जवळपास तेवढंच. पण थांबायचं डॉक्टरांना विचारूनच. टॅमॉक्सिफेन सोडल्यावर तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि बाळंतपणानंतर गोळ्या पुन्हा सुरू करायच्या.

नव्या फायलींच्या पहिल्या पानावर, केमोच्या तारखेच्या वरच, एक ओळ लिहून ठेवली: ‘मूल हवंय का, विचारलं?’