अजून शेतातच?

आमच्या भावोजींनी 'द वॉकिंग डेड' ही अमेरिकन मालिका कधीच बसून पाहिली नाही. आम्ही पाहत असायचो आणि ते खोलीतून ये-जा करायचे. जाताना एकदा पडद्याकडे नजर, येताना एकदा, आणि दोन्ही खेपांना एकच प्रश्न, "अजून शेतातच?"

ते चुकीचं विचारत नव्हते. मालिकेचा दुसरा सीझन चालू होता. मेलेली माणसं उठून जिवंतांचे लचके तोडत फिरताहेत, सरकार, फौज, वीज सगळं बुडालंय, आणि उरलीसुरली डझनभर माणसं हर्शेल नावाच्या एका म्हाताऱ्या गुरांच्या डॉक्टरच्या शेतावर तंबू ठोकून बसली आहेत. कपडे धुताहेत, वाळत घालताहेत. एकमेकांना बाजूला घेऊन गंभीर आवाजात बोलताहेत. पहिल्या सीझनचे भाग सहाच होते. तेवढ्यात नायक रिक ग्राइम्स हॉस्पिटलात शुद्धीवर आला, घोड्यावर बसून अटलांटात शिरला, रणगाड्यात अडकला, बायको-मुलाला भेटला आणि शेवटी रोगनियंत्रण केंद्राची अख्खी इमारत उडाली. दुसऱ्या सीझनला भाग मिळाले तेरा आणि कथेनं जी बैठक मारली ती मारलीच.

या बसण्यामागे एक कारण होतं. सोफिया नावाची मुलगी या सीझनच्या पहिल्याच भागात हायवेवरून जंगलात पळाली आणि हरवली. ती सापडेपर्यंत हलायचं नाही, असं ठरलं. मग रोज शोध. नकाशा पसरायचा, जंगलाचे भाग पाडायचे, जाऊन यायचं, हात हलवत परत यायचं. "ती मेली असणार, हे त्यांना कळत कसं नाही?" ताई विचारायची. मी म्हणायचो, कळतंय गं, बोलायचं कुणी? त्यावर ताई म्हणायची, मग बोला आणि चला एकदाचे.

आमच्या घरात या मालिकेवरून जेवढे वाद झाले तेवढे इतर कशावरूनही झाले नसतील. ते मुख्यत्वे दोन प्रकारचे होते. एक, ही मालिका रटाळ आहे की नाही. दोन, यातली माणसं मूर्ख आहेत की नाही. हे दोन आरोप एकमेकांच्या विरोधात जातात, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. माणसं कुंपणाच्या आत गप्प बसली की ताई म्हणायची, काही घडत का नाही. त्यातलं कुणी बाहेर पडलं की तीच ओरडायची, गप्प बसायला काय झालं होतं! सगळे शहाण्यासारखे वागले तर मालिका पहिल्या आठवड्यातच संपेल. दारं बंद, आवाज बंद, डबाबंद जेवण, समाप्त. उंटावरून शेळ्या हाकायला आपल्याला काय जातं?

तरी काही शेळ्या खरोखरच हाकाव्यात अशा होत्या. विहिरीचंच घ्या. शेतावरच्या एका विहिरीत फुगलेला वॉकर, म्हणजे उठून फिरणारा मेलेला माणूस, पडलेला दिसतो. त्याला आत गोळी घातली तर पाणी नासेल, म्हणून त्याला जिवंत... म्हणजे मेलेलाच, पण हलता, वर ओढायचं ठरतं. आमिष म्हणून टोळीतल्या ग्लेनला दोरीला बांधून खाली सोडतात. एवढा खटाटोप करून वॉकर काठापर्यंत येतो आणि तिथे त्याचे दोन तुकडे होतात. अर्धा परत विहिरीत. यापेक्षा झाकण लावून दुसऱ्या विहिरीचं पाणी भरलं असतं तर? आणि रिकचा मुलगा कार्ल! चिखलात रुतलेला वॉकर दिसल्यावर हा त्याला दगड मारतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो वॉकर चिखलातून सुटतो, मागोमाग शेतापर्यंत येतो आणि बिचाऱ्या डेलचं पोट फाडतो. कार्लला 'घरात थांब' असं किती वेळा सांगितलं गेलं असेल आणि तो किती वेळा थांबला असेल, हा गणिताचा प्रश्न म्हणून घालता येईल. दुसऱ्याचं उत्तर शून्य. लोरी, म्हणजे त्याची आई, ओसाड रस्त्यावर गाडी चालवते. साऱ्या जगात दुसरी गाडी धावत नाही. तरी नकाशात डोकं घालून ही वॉकरला धडकते आणि गाडी उलटवते. त्या दिवशी भावोजीसुद्धा दारात थांबले होते.

पण मूर्खपणाचा शिक्का मारताना आपण एक गोष्ट विसरतो. त्या जगात 'झॉम्बी' हा शब्दच नाही. मूळ चित्रकथेचा लेखक रॉबर्ट कर्कमन याने तसं जाणूनबुजून ठेवलंय. तिथे कुणी असल्या गोष्टी वाचलेल्या नाहीत, पाहिलेल्या नाहीत, म्हणून जो तो आपापलं नाव पाडतो, कुणी वॉकर म्हणतं, कुणी बायटर. आपण इथे पाय पसरून सगळे नियम पाठ करून बसलोय. मेंदूवर घाव घाला, चावा बसला की संपलं, मेलेला आप्त हा आप्त उरत नाही. त्यांना हे सगळं एकेक माणूस गमावून शिकायचंय. हर्शेल आपल्या मेलेल्या बायकोला आणि सावत्र मुलाला कोठारात कोंडून ठेवतो, त्यांना खायला कोंबड्या घालतो, कारण त्याच्या लेखी ते आजारी आहेत. ताई त्याला वेडा म्हणायची. मला तो त्या शेतावरचा सगळ्यात समजण्यासारखा माणूस वाटत आला. तो डॉक्टर आहे. आजारी जनावराला दाणापाणी द्यायचं आणि वाट पाहायची, हेच त्यानं जन्मभर केलंय.

आणि मग सातवा भाग. रिकचा जुना मित्र शेन कोठाराचं कुलूप तोडतो, एकेक वॉकर बाहेर येतो, गोळ्या घातल्या जातात. सगळं शांत होतं. आणि शेवटी, सगळ्यांच्या मागून, सोफिया बाहेर येते. म्हणजे ज्या मुलीला हे जंगलभर हाका मारत होते ती त्यांच्या तंबूंपासून हाकेच्या अंतरावर, आधीपासून कोंडलेली होती. तोपर्यंत तावातावाने बोलणारे सगळेच थिजतात. शेवटी रिक पुढे होतो.

तो भाग अमेरिकेत नोव्हेंबर 2011 मध्ये लागला, तेव्हा प्रेक्षकांनी सोफियाची सहा आठवडे वाट पाहिली होती. माझ्या मते ते सहा आठवडे फुकट गेले नाहीत. ती वाट पाहिली नसती, तिचा कंटाळा आला नसता, 'मेली असेल, चला आता' असं आपणही मनात म्हणालो नसतो, तर त्या दारातून ती बाहेर आल्यावर आपल्याला एवढं ओशाळं वाटलं नसतं. ताईला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, चार भागांतही तेवढंच ओशाळता आलं असतं.

बरं, संथपणाला माझा सरसकट पाठिंबा आहे असं कुणी समजू नये. तिसऱ्या सीझनच्या शेवटाला गव्हर्नर नावाचा खलनायक रिकच्या टोळीतल्या अँड्रियाला खुर्चीला जखडून एका खोलीत कोंडतो. सोबत गव्हर्नरचाच माणूस मिल्टन, पोटात सुरा खुपसलेला, मरणाच्या दारात. तो मेला की उठणार आणि हिला खाणार, हे दोघांनाही माहीत आहे. त्यानं हिच्या पाठीमागे पक्कड टाकून ठेवली आहे. ती पायाच्या बोटांनी उचलायची आणि बेड्या सोडवायच्या, एवढंच काम. आणि ही बोलत बसते! आपण असं का वागलो, गव्हर्नरला का मारलं नाही, सगळ्यांनाच वाचवायचं होतं. मधेच थांबून मिल्टनकडे पाहते. पुन्हा बोलते. ताई सोफ्यावर उभी राहून ओरडली, "आधी पक्कड!" ही आमच्या घरातली म्हणच झाली. कुणी काम सोडून गप्पा मारायला लागलं की आजही कुणीतरी म्हणतं, आधी पक्कड.

आता, सोफियाला शोधण्यात गेलेला वेळ आणि पकडीत गेलेला वेळ यांत फरक काय? मी यावर बराच विचार केला आहे (एवढा विचार दुसऱ्या कशावर केला असता तर बरं झालं असतं, असं ताईचं मत). शोध लांबला तो रिकच्या हट्टामुळे. मुलीला ओढ्याकाठी लपवून वॉकरांना दूर नेणारा तोच होता, त्यामुळे 'आता पुरे' हे शब्द त्याच्याच तोंडून निघणं सगळ्यांत अवघड. पकड लांबली ती मात्र अँड्रियामुळे लांबली नाही. मिल्टन डोळे उघडेपर्यंत तिला कसंतरी थोपवून धरायचं होतं, म्हणून लेखकांनी तिच्या तोंडात वाक्यं कोंबली. पात्राला उशीर झाला तर मी थांबायला तयार आहे. लेखक घड्याळाचा काटा हातानं धरून बसला की लगेच दिसतं.

याचा कळस सहाव्या सीझनमध्ये झाला. ग्लेन आणि निकोलस कचराकुंडीवर चढलेत, खाली वॉकरांचा समुद्र. निकोलस स्वतःला गोळी घालतो, दोघेही खाली पडतात आणि ग्लेनचा किंचाळणारा चेहरा दिसतो, बाहेर ओढली जाणारी आतडी दिसतात. ऑक्टोबर 2015. पुढल्या भागांच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून त्या नटाचं नावसुद्धा काढून टाकलं. चार आठवड्यांनी कळलं की आतडी निकोलसची होती आणि ग्लेन सरपटत कुंडीखाली गेला होता. ग्लेन वाचला याचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो अपमान. त्याच सीझनच्या अखेरीला, एप्रिल 2016 मध्ये, नीगन नावाचा नवा खलनायक बॅट घेऊन आला, रिकची माणसं ओळीनं गुडघ्यावर बसवली, त्यातल्या एकाच्या डोक्यात बॅट घातली, आणि तो कोण हे न दाखवता पडदा काळा झाला. उत्तर ऑक्टोबरमध्ये. साडेसहा महिने! आणि ऑक्टोबर उजाडल्यावर ताबडतोब सांगतील तर शपथ, तो भागही आधी इकडेतिकडे फिरवूनच मुद्द्यावर आला. आधी अब्राहम गेला. आणि मग ग्लेनही गेलाच, मूळ चित्रकथेच्या शंभराव्या अंकात जातो तसाच.

ताई त्या रात्री उठली आणि काही न बोलता झोपायला गेली. पुढचे सीझन तिनं पाहिले नाहीत. तिच्यासारखी माणसं तिकडेही निघाली असावीत. तो भाग पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा अमेरिकेत 1 कोटी 70 लाख लोकांनी पाहिला, पुढच्या आठवड्याचा आकडा सव्वा कोटीच्या आसपास आला. त्या हिंसेनं लोक गेले असं बरेच जण म्हणतात. मला वाटतं, ताईचं मन तिथे नाही, कचराकुंडीपाशीच उतरलं होतं.

मी मात्र तसाच चिकटून राहिलो. अकरा सीझन, 177 भाग. मध्ये कार्ल मारला गेला तेव्हा मीसुद्धा चिडलो, कारण मूळ कथेत तो शेवटपर्यंत जगतो. पण हा प्राणी घरात थांबायला शिकला आणि मग लेखकांनी त्याला मारलं, यात काही न्याय आहे का?

एका भागाबद्दल मात्र आमचं कधीच भांडण झालं नाही. चौथ्या सीझनमध्ये सोफियाची आई कॅरल, टोळीतला टायरीस, लिझी आणि मिका या दोन लहान बहिणी आणि एक तान्हं बाळ, एवढीच माणसं रानातल्या एका घरात थांबतात. (पाहायची असेल त्यानं पुढची चार वाक्यं गाळावीत.) लिझीला वाटतं, वॉकर म्हणजे वेगळ्या प्रकारची माणसंच. ते सिद्ध करायला ती आपल्या धाकट्या बहिणीला मारते आणि ती उठण्याची शांतपणे वाट पाहत उभी राहते. मग कॅरल तिला बाहेर घेऊन जाते, फुलांकडे बघ म्हणते आणि मागून गोळी घालते. रात्री टेबलावर बंदूक ठेवून ती टायरीससमोर कबूल करते की त्याच्या प्रेयसीला आपणच मारलं होतं. गंमत अशी की कथानक म्हणाल तर त्या भागात एक पाऊल पुढे सरकत नाही. माणसं चालत आली होती, उरलेली चालत जातात. पण ताईनं त्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत एकदाही घड्याळ पाहिलं नाही. कॅरलनं केलं ते बरोबर की चूक, यावर नंतर बोलायला तोंड उघडलं आणि दोघांनीही मिटलं. त्या मालिकेवर एपिसोड संपताक्षणी चर्चा करणारा 'टॉकिंग डेड' नावाचा वेगळा कार्यक्रम 2011 पासून लागत असे. त्यांना तेव्हा लगेच बोलायला कसं सुचलं असेल कोण जाणे.

गेल्या महिन्यात भाचीनं मालिका पहिल्यापासून लावली. ती सगळं दीडपट वेगानं पाहते. माणसं चिमण्यांसारखी बोलतात, वॉकर जरा घाईत असल्यासारखे दिसतात. भाग संपला की पडद्यावर उलटे आकडे पडतात आणि पुढचा आपोआप सुरू होतो. सहा आठवड्यांचं शेत एका दुपारचं झालंय. तरीसुद्धा दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागाला ती म्हणालीच, "मामा, केवढं बोअर आहे हे. ती सोफिया सापडते की नाही तेवढं सांग, मी पुढे जाते."

मी सांगितलं नाही. ताईही बसली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगू नकोस," आणि पाय वर घेऊन नीट बसली.

सातव्या भागात शेननं कुलूप तोडलं तेव्हा भाचीच्या हातात रिमोट होता. पहिला वॉकर बाहेर आला तेव्हा तिनं कधी बटण दाबलं ते मला दिसलं नाही, पण आवाज एकदम जड झाले, माणसं नेहमीच्या चालीनं चालायला लागली. गोळ्या थांबल्या. कोठाराचं दार उघडं होतं आणि आत काळोख.

मागून भावोजी आले. "अजून शेतातच?"

"बाबा, श्श," भाची म्हणाली.