सर्टिफिकेट लावलं तर किती मिळतात?

मी फार्मसीचा डिप्लोमा, म्हणजे डी. फार्म, शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न मला दरवर्षी चार-पाच वेळा तरी येतो. विचारणारे बहुतेक वडील असतात. फी भरून होते, पावतीची घडी खिशात जाते आणि मग आवाज जरा खाली येतो. "मॅडम, पोराचं डी. फार्म झालं की सर्टिफिकेट कुणाच्या मेडिकलला लावून दिलं, तर महिन्याला किती मिळतात?" यंदा विचारणारे गृहस्थ आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. मागे रांग होती. 'नंतर सांगते' म्हणून मी वेळ मारून नेली. ते बरोबर झालं नाही, म्हणून आता सविस्तर सांगते. तुम्ही विचारलंत म्हणून.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. औषधाच्या किरकोळ दुकानाचं लायसन घ्यायचं तर नोंदणीकृत फार्मासिस्ट दाखवावा लागतो. 1948 च्या फार्मसी कायद्याचं 42 वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध तयार करून किंवा काढून देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचंच काम. 1945 च्या औषध नियमांतला 65 वा नियम म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध त्यानं स्वतः द्यावं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं. आता मालकाकडे पदवी नसते आणि पोराकडे भांडवल नसतं. मग पोराचं फोटोसकट सर्टिफिकेट काउंटरच्या मागे भिंतीवर आणि पोरगा पुण्यात दुसऱ्याच नोकरीला. मालक महिन्याच्या महिन्याला ठरलेले पैसे देतो. याला म्हणतात सर्टिफिकेट लावणं.

मी जो विषय शिकवते त्याचं नाव पूर्वी भारदस्त होतं, फार्मास्युटिकल ज्युरिस्प्रुडन्स. आता डिप्लोमाला त्याला 'फार्मसी लॉ अँड एथिक्स' म्हणतात. नाव सोपं झालं, तरी पोरांचा समज तोच राहिला आहे. या विषयाला प्रॅक्टिकल नाही, वास नाही, रंग बदलत नाही, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा विषय. पहिल्या तासाला मी जिलेटिनची रिकामी कॅप्सूल टेबलावर ठेवते आणि विचारते, हे औषध आहे का? सगळा वर्ग 'नाही'. कायदा म्हणतो, आहे. डास पळवायला अंगाला लावतो ते मलम? तेही औषध. मग 1954 च्या जादूटोण्याच्या उपायांविषयीच्या कायद्यावर येते. त्यातल्या व्याख्येत ताईत, मंत्र आणि कवच हे तिन्ही शब्द छापलेले आहेत, हे वाचून दाखवलं की मागच्या बाकावरचे खुसखुसतात. "गड्ड्याच्या जत्रेत बघितलंय की बे," असं कुणीतरी शेजारच्याला सांगतंच. हसू द्यावं. हसलेलं लक्षात राहतं.

एलिक्झिरची गोष्ट मात्र मी सावकाश सांगते. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकायला आलं. विरघळवायला वापरलं होतं डायइथिलीन ग्लायकॉल. ते गोडसर लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. शंभरावर माणसं मेली, त्यांत पुष्कळ लहान मुलं. त्यावेळचा कायदा काढून बघितला तर औषध विकण्याआधी ते विषारी नाही ना हे तपासायची सक्तीच नव्हती. कंपनीवर ठपका ठेवता आला तो एवढाच, की बाटलीवर 'एलिक्झिर' लिहिलं होतं, एलिक्झिर म्हणजे त्यात अल्कोहोल असायला हवं आणि आत ते नव्हतं. शंभरावर मृत्यू आणि गुन्हा चुकीच्या लेबलचा! 1938 मध्ये तिथला कायदा बदलला. 1986 ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच रसायन रुग्णांच्या पोटात गेलं आणि 14 जण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधानं मुलं गेली, तेव्हाही नाव तेच निघालं. त्या आठवड्यात मला वर्गात प्रस्तावना करावी लागली नाही. पोरंच फोन पुढे करून बसली होती.

पण ही सगळी कारखान्यातली पापं. दुकानातल्या पोराचा याच्याशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणायचे.

आता जे सांगते ते वर्गात सांगायला मला बरीच वर्षं लागली. माझंही सर्टिफिकेट लावलेलं होतं. शिक्षण संपलं होतं, कॉलेजातली नोकरी तासिका तत्त्वावर होती आणि पैसे कधी येतील याचा नेम नव्हता. ओळखीतून शहराच्या पूर्व भागात एका मेडिकलला नाव दिलं. लायसनच्या कागदांवर सह्या केल्या, एक फोटो दिला आणि मोकळी झाले. अकरा महिने त्या दुकानात मी रोज हजर होते, कागदावर.

दिवाळीआधी थकलेले पैसे मागायला गेले. दुपार होती. काउंटरवरचा पोरगा हुशार होता, कुठलं पाकीट कुठल्या खणात हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. एक म्हातारी आली, विड्या वळणारी. बोटांच्या टोकांना तंबाखूचा रंग. तिनं पिशवीतून दोन चिठ्ठ्या काढल्या, पोरानं दोन पाकिटं काढली. पैसे मोजता मोजता तिनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"फोटोतली तूच ना गं?"

हो म्हणावं लागलं.

"मग तू सांग. दुपारचं विड्या वळताना कळ्ळु तिरुगुतुन्नाई." हे तेलुगूत आणि मग मराठीत, "डोळं फिरतंय."

मी पाकिटं हातात घेतली. एक चिठ्ठी नेहमीच्या गल्लीतल्या डॉक्टरची, दुसरी मुलीनं नेलं होतं त्या मोठ्या दवाखान्यातली. चिठ्ठ्या दोन, डॉक्टर दोन, ब्रँड दोन आणि आतलं औषध एकच, ग्लिमेपिराइड. साखर उतरवायची तीच गोळी बाई रोज दोनदा घेत होती. सकाळी चहा आणि शिळी भाकरी खाऊन कामाला बसायची, जेवायला तीन वाजायचे. डोळे फिरणार नाहीत तर काय?

गल्लीतल्या डॉक्टरांना दुकानातूनच फोन लावला. ते भले होते, लगेच पाठवा म्हणाले. बाईला आधी साखर खायला लावली आणि पोराबरोबर धाडली.

त्या व्यवहारात कायद्यानं बोट ठेवावं असं काय होतं, ते मी नंतर कितीतरी वेळा तपासलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर सही होती, तारीख होती. बिल फाडलं होतं. मालाची मुदत संपलेली नव्हती. चिठ्ठीत जे लिहिलं तेच दिलं होतं, बदलून काही दिलं नव्हतं. ड्रग इन्स्पेक्टर आले असते तर रजिस्टरं चोख निघाली असती. नव्हती ती फक्त मी. पोराचा दोष नाही. त्याला ब्रँड माहीत होते, आतली औषधं ओळखायला मी दोन वर्षं शिकले होते. ती ओळख मी महिन्याच्या भाड्यानं दिली आणि दिली तीही फ्रेमच्या काचेमागं, जिथून काही वाचता येत नाही.

त्याच महिन्यात नाव काढून घेतलं. मालक रागावला, नवा फार्मासिस्ट मिळेपर्यंत त्याची पंचाईत झाली, राहिलेले पैसेही बुडाले. मी फार थोर काही केलं असं नाही. घाबरले होते, हे खरं कारण.

हल्ली वर्गात मी कलमं विचारते, कारण पेपरात ती येतातच. पण एक तास त्या दोन पाकिटांना देते. आतल्या औषधाचं नाव झाकून फक्त चिठ्ठ्या फळ्यावर लिहिते आणि गप्प बसते. कधी दहा मिनिटांत कुणाच्या तरी लक्षात येतं, कधी तास संपतो. मुली जरा लवकर ओळखतात, हे माझं निरीक्षण. पोरांना ते पटत नाही. ज्याला सापडतं तो 'मॅडम, सेम आहे!' असं ओरडतो. नैतिकता शिकवता येते का, हेही मला पुष्कळ जण विचारतात. ते मला सांगता येणार नाही. चिठ्ठी वाचायची सवय लावता येते.

तर टॉवेल कारखान्यातल्या त्या काकांना परवा फोन करून मी हे सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मागे मागांचा आवाज येत होता, म्हणून दोन-तीन गोष्टी ओरडून सांगाव्या लागल्या. शेवटी म्हणाले, "खरंय मॅडम. पण तुम्हाला तेव्हा किती मिळत होते?"

"बाराशे."

"महिन्याला?"

"महिन्याला. शेवटचे तीन महिने तर मिळालेच नाहीत."

बराच वेळ नुसते माग ऐकू येत राहिले. मग म्हणाले, "पोराला सांगतो, स्वतः उभा राहा म्हणून."