पाऊस थांबला तरी मरीना बेचा रस्ता ओलाच

2 ऑक्टोबर 2022 ची सिंगापूर ग्रां प्री, म्हणजे मरीना बे भागातल्या शहरी रस्त्यांवरची फॉर्म्युला वनची शर्यत, रात्री आठला सुटायची होती, ती सुटली नऊ वाजून पाच मिनिटांनी. टीव्हीवर रस्ता नुसता चकाकत होता, कुठे घोट्याइतकंसुद्धा पाणी दिसत नव्हतं. अशा वेळी मुंबईकडून हमखास विचारणा होते: एवढ्याशा पाण्याला काय घाबरतात हे लोक? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिमी पाऊस झेललेल्यांनी हे विचारावं यात नवल नाही. पण अडचण पावसाच्या मापाची नाही. ती गाडीची आहे, आणि गाडीहूनही जास्त रस्त्याची.

गाडीचं आधी सांगून टाकू. फॉर्म्युला वनच्या गाडीचा तळ रस्त्यापासून जेमतेम काही सेंटिमीटर वर असतो आणि त्या तळाखाली 10 मिमी जाडीची फळी असते. साचलेल्या पाण्यावर ही फळी टेकली की चाकांवरचा भार जातो. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी होडीसारखी सरळच जाते. टायरचं गणित असं: भर पावसासाठीचा निळ्या पट्ट्याचा फुल वेट ताशी 300 किमी वेगाला सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला सारतो, कमी ओलीसाठीचा हिरव्या पट्ट्याचा इंटरमीजिएट, म्हणजे इंटर, 30 लिटर, आणि बिनखाचांचा स्लिक जवळपास काहीच नाही. ऐकताना वाटतं, मग फुल वेट लावा आणि सोडा गाड्या. पण सारलेलं ते 85 लिटर पाणी जातं कुठे? मागच्या गाडीच्या तोंडावर. सगळ्या गाड्यांच्या फवाऱ्यात मागच्याला पुढचा फक्त लाल दिवा दिसतो, कधी तोही नाही. म्हणून फुल वेट बहुतेक वेळा सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांना हळू चालवत पुढे राहणाऱ्या गाडीच्या, मागे फिरण्यापुरताच उरतो. खरी शर्यत इंटरवर होते, आणि रस्ता इंटरजोगा होईपर्यंत थांबावंच लागतं. त्या रात्री सगळे थांबले होते ते यासाठी.

आता रस्ता. सिल्व्हरस्टोन किंवा स्पा हे शर्यतीसाठीच राखलेले कायमचे ट्रॅक. तिथे पाणी कुठून कुठे जाईल हे आखून मगच डांबर टाकतात. मरीना बेला रॅफल्स बुलेवार्ड, सेंट अँड्र्यूज रोड, एस्प्लनेड ड्राइव्ह हे सगळे शर्यतीनंतर पुन्हा बस-टॅक्सीचे रस्ते होतात. शहरातल्या रस्त्याला मध्ये उंचवटा ठेवतात, म्हणजे पाणी दोन्ही कडांना जावं. बससाठी हे उत्तम. पण शर्यतीची गाडी एका लेनमध्ये राहत नाही. वळणाआधी ती बाहेरच्या कडेला जाते, वळताना आतल्या कडेला घासते आणि पुन्हा बाहेर येते. म्हणजे एका वळणात ती तो उंचवटा दोनदा ओलांडते आणि दोन्ही ओल्या कडांवरून जाते. सगळ्यात जोरात ब्रेक लागतो तोही नेमका कडेलाच, जिथे पाणी सगळ्यात उशिरापर्यंत रेंगाळतं.

त्यात या कडांना शर्यतीसाठी काँक्रीटच्या भिंती उभ्या केलेल्या असतात. पाणी नेहमीच्या गटारात जायचं तर या ठोकळ्यांच्या तळाशी ठेवलेल्या फटींतूनच जातं. पाला अडकला की तेवढ्याच जागी डबकं होतं, बाकी रस्ता कोरडा असला तरी. झाडांखाली तर पाऊस थांबल्यावरही बराच वेळ पागोळ्या गळत राहतात. लेनचे पांढरे पट्टे आणि झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर ओल आली की ग्रिप संपली. मॅनहोलची झाकणं तर वेल्डिंग करूनच बंद करावी लागतात, कारण गाडीच्या तळाखालचा कमी दाब सैल झाकण सहज उचलतो. 2023 ला लास वेगासला रस्त्यातलं असंच एक झाकण सुटून चालक कार्लोस साइन्झच्या फेरारी गाडीचा तळ फुटला, तेही कोरड्या रस्त्यावर.

अँडरसन ब्रिज मला या साऱ्यात सर्वांत अवघड वाटतो. 1910 चा लोखंडी कमानींचा पूल, अरुंद, दोन्ही बाजूंना भिंत. 2017 च्या ओल्या शर्यतीत चालक मार्कस एरिक्सनची गाडी इथेच फिरली आणि सेफ्टी कार आणावी लागली. दुसऱ्या ट्रॅकवर चूक झाली तर गवतात किंवा खडीत जाता येतं. इथे गवतच नाही.

आणि हा रस्ता वाळतही नाही. ऊन नाही, कारण शर्यत रात्रीची. दिवे दिवसासारखा उजेड देतात, ऊब नाही. हवेत आधीच एवढी वाफ की आणखी ओल घ्यायला तिच्यात जागाच नसते, आणि भिंती-इमारतींमुळे वारा रस्त्यापर्यंत पोचत नाही. पाणी उडून जात नाही, ते टायरनेच उचलून फेकावं लागतं. म्हणून गाड्या जिथून जातात तेवढीच एक पट्टी कोरडी होते, फार तर दीड गाडीच्या रुंदीची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ओल तशीच राहते. ओव्हरटेक करायचा तर त्या ओलीवर उतरूनच.

2022 चं सगळं नाट्य या पट्टीचं होतं. एकविसाव्या लॅपच्या, म्हणजे फेरीच्या, सुमारास चालक जॉर्ज रसेलने सगळ्यांच्या आधी स्लिक लावले आणि गाडी रस्त्यावर ठरेना. दोष टायरचा नव्हता. स्लिक हा टायर ब्लँकेटमधून, म्हणजे टायर गरम ठेवणाऱ्या आवरणातून, साधारण 70 अंशांवर बाहेर येतो आणि पुढची ऊब त्याला रस्त्याशी घासूनच मिळवावी लागते. ओल्या रस्त्यावर घर्षण नाही, म्हणून ऊब नाही, आणि ऊब नाही म्हणून ग्रिप नाही. उलट कोरड्या पट्टीवर इंटर तापतो, त्याच्या खाचा झिजतात, म्हणून चालक सरळ रस्त्यावर मुद्दाम बाजूच्या ओलीतून गाडी नेऊन टायर थंड करतात. बाकीच्यांनी रसेलच्या वेळा बघत आणखी बारा-तेरा लॅप काढले. लेक्लेर्क चौतिसाव्या लॅपला टायर बदलायला आत पिटमध्ये आला, पेरेझ पस्तिसाव्या. त्याच्या जरा आधी हॅमिल्टन सातव्या वळणावर सरळ भिंतीत गेला. पेरेझने ती शर्यत जिंकली ती एकही ब्रेक चुकीच्या इंचावर न लावल्यामुळे. सेफ्टी कारमागे अंतर राखलं नाही म्हणून त्याला पाच सेकंदांचा दंड झाला, तो सोसूनही तो पहिलाच राहिला. दोन तासांची मर्यादा संपल्यामुळे 61 ऐवजी 59 लॅपच झाले. 2017 ला याच मर्यादेमुळे 58 झाले होते.

शहराच्या गटारांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सिंगापूरला वर्षातले सरासरी 171 दिवस पाऊस पडतो, आणि तोही बऱ्याचदा वीजगडगडाटासह धो धो. स्टॅमफर्ड कालव्यावर ताण येऊ नये म्हणून बोटॅनिक गार्डन्सच्या बाजूला 38,000 घनमीटरची भूमिगत टाकी आहे. ज्या खाडीभोवती शर्यत होते ती खाडीही आता गोड्या पाण्याचा जलाशय आहे. मरीना बॅरेज हा बांध समुद्राची भरती अडवतो, आणि भरतीच्या वेळी पाऊस झाला तर सात पंप पाणी बाहेर टाकतात. हे बघून मुंबईची आठवण येतेच. पण मुंबईला नावं ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हाजी अली, लव्हग्रोव्ह, ईर्ला ही उदंचन केंद्रं हेच काम करतात, आणि हिंदमाताचं पाणी साठवायला आता तिथेही भूमिगत टाक्या आहेत. शिवाय साडेचार-पाच मीटरची भरती सिंगापूरला येत नाही आणि 944 मिमीही या गटारांनी कधी पाहिलेले नाहीत. फरक आहे तो निगेचा, हे मात्र मान्य करायलाच हवं. शर्यत असो वा नसो, इथल्या जाळ्यांवर पाला साठू देत नाहीत.

रस्त्यावरची शर्यत आपल्याला जमत नाही असंही कुणी म्हणू नये. चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक झाला. 31 ऑगस्ट 2024 ला पावसामुळे एफआयए या मोटरशर्यतींच्या जागतिक संघटनेची मंजुरी लांबली, तेव्हा घाई न करता शर्यती दुसऱ्या दिवशी रात्री घेतल्या. तेच बरोबर होतं.

मरीना बेला ओली शर्यत बघायला कुणी येणार असेल तर छत्री नको, रेनकोट आणा. स्टँडमध्ये उघडलेल्या छत्रीने मागच्या रांगेला काहीच दिसत नाही. जागा सातव्या वळणाजवळची घ्या. रॅफल्स बुलेवार्डवरून गाड्या पूर्ण वेगात येतात आणि रस्त्याची अवस्था ब्रेकच्या जागेवरून कळते. आधी चाकांमागचा फवारा बघा. तो उंच आहे तोवर कुणी स्लिक लावणार नाही. फवारा चाकाच्या उंचीखाली आला आणि गाड्या मुद्दाम ओलीत उतरायला लागल्या की पिटकडे लक्ष ठेवा. पहिला स्लिकवाला येईल तेव्हा त्याच्याकडे न बघता घड्याळ बघा. सगळा लॅप नको, फक्त एक तुकडा मोजा. त्या तुकड्यात तो इंटरवाल्यांच्या बरोबरीने आला की पुढच्या दोन लॅपमध्ये अख्खी रांग आत येते.