सागाचं हेरिंगबोन आणि घराबाहेर गेलेला कूलर

गावचं जुनं घर पाडलं तेव्हा छपराचे सागवानी फाटे निघाले. बल्लारशाच्या डेपोतून नवं सागवान उचलणं खिशाला झेपणारं नव्हतं. तिथल्या सागाला 2023 मध्ये अयोध्येचं मंदिर मिळालं, आमच्या 10 बाय 12 च्या खोलीला हे फाटेच बरे. त्यांचं हेरिंगबोन फ्लोरिंग करायचं ठरलं. म्हणजे माशाच्या काट्यासारखी वीण. शेवरॉन नावाच्या दुसऱ्या विणीत पट्टीची टोकं तिरपी कापतात, यात ती काटकोनीच राहतात आणि एकीचं टोक दुसरीच्या कडेला टेकतं.

नागपूरच्या लकडगंजमधल्या आरामशीनवाल्याने फाटे पाहून आधी हातच जोडले. ‘भाऊ, यात खिळे असतीन, पातं जाईन माझं.’ दोन दिवस बसून खिळे उपटले, तरी एक राहिलाच. पात्याचे पैसे मी दिले. पट्टी अडीच इंच रुंद, साडेबारा इंच लांब. हिशोबाने साडेपाचशे लागत होत्या, वर 15 टक्के कापाकापीचे, म्हणून साडेसहाशेच्या आसपास काढल्या.

पट्ट्या त्याच खोलीत तीन आठवडे हवा लागेल अशा रचून ठेवल्या. तोवर खालच्या मोझॅक फरशीची ओल तपासली: प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस तसाच ठेवायचा. बाथरूमकडच्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकखाली थेंब जमले. भिंतीतला पाईप गळत होता. त्यात महिना गेला, त्याबद्दल काही लिहीत नाही.

खरी गंमत पुढे. पट्ट्या दिसायला सारख्या, पण रुंदीत अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक. सरळ ओळीत तो खपून जातो. या विणीत मात्र पुढच्या प्रत्येक पट्टीवर चढत जातो. आम्ही सुकं रचून पाहिलं तर नवव्या ओळीला आगपेटीची काडी जाईल एवढी फट! मग मी, बायको आणि आई अंगणात बसलो. मी कॅलिपरने मोजायचो, त्या दोघी जाड, मध्यम, बारीक असे ढीग लावायच्या. आईचा हात इतका बसला की संध्याकाळी ती न मोजताच सांगायला लागली, आणि दहातल्या आठ बरोबर!

सुरुवात भिंतीकडून करायची नाही, हे मिस्त्रीने बजावलं. ‘तुमची भित वाकडी हाये, दादा. तिच्या भरवशावर गेलो तं पचका होईन.’ खोलीच्या मधोमध सूत मारलं, तीन-चार-पाच फुटांच्या मापाने काटकोन काढला आणि मधून दोन्हीकडे चिकटवत गेलो. मोझॅकची चकाकी आधी घासून काढली होती, नाहीतर गोंद धरत नाही. लाकूड फुगायला भिंतीशी 10 मिलिमीटर जागा सोडण्यावरून मात्र आमची जुंपली. त्याला ती जागा मसाल्याने बुजवायची होती. मी अडून बसलो, स्कर्टिंगने झाकू म्हटलं. चार दिवसांत काम झालं, वर पॉलिश.

आता कूलर. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या पुढे जातो आणि घरोघरी वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा येते. लाकूड ती हवा पितं. हे मला पट्ट्या चिकटल्यावर सुचलं. कूलर हॉलच्या खिडकीबाहेर नेला, खोलीत एसी बसवला. ‘फरशीला एसी अन् मले कूलर’, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि झोपते हॉलमध्येच. एसीने तिचे गुडघे आखडतात.

मे महिन्यात पट्ट्या आकसल्या. दाराजवळ दोन ठिकाणी लग्नपत्रिकेचा कागद सरळ आत जायचा. मिस्त्रीला फोन केला, तो म्हणाला, ‘पाऊस येऊ द्या.’ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीच पत्रिका घेऊन पुन्हा बसलो. कागद दुमडला, आत गेला नाही.