पीयूसीचा आकडा आणि दुसऱ्या सिलिंडरचा प्लग

गेल्या मार्चमध्ये माझी २०१३ सालची तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी पीयूसी चाचणीत नापास झाली. धुरातील हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलची, मर्यादा २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) असताना यंत्राने ४१२ हा आकडा दाखवला. गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-४ हे कडक निकष देशभर २०१७ साली आले, परंतु मुंबई, पुणे अशा मोजक्या शहरांबरोबर सोलापूरला ते २०१० पासूनच लागू होते. त्यामुळे जुनी असूनही माझ्या गाडीला सवलत नव्हती. ज्या गॅरेजात मी ती नेली, तेथे बोनेटसुद्धा न उघडता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग, गेल्याचे सांगण्यात आले आणि खर्चाचा अंदाज पंचवीस हजारांच्या पुढे गेला.

खरे तर दोन महिन्यांपासून गाडी मिसिंग मारत होती आणि अ‍ॅव्हरेज १७ वरून १४ वर आला होता. मी दुर्लक्ष केले, हा दोष माझाच. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंतचे रोजचे येणे-जाणे आणि इतर फिरणे धरून महिन्याला सुमारे ८०० किलोमीटर होतात, म्हणजे दरमहा दहा लिटर पेट्रोल अधिक जळत होते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे लक्षात घेतल्यावर हजार रुपयांपेक्षा तो २३ किलोंचा आकडा मला अधिक बोचला.

इंजिनाच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा, मोबाइलला जोडता येणारा एक साधा ओबीडी स्कॅनर मी विकत घेतला. त्याने पी०३०२ हा कोड दाखवला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नव्हते. अशा वेळी त्या सिलिंडरमधील पेट्रोल आणि हवा न जळताच बाहेर पडतात. धुरातील हा शिल्लक ऑक्सिजन पाहून इंजिनाच्या संगणकाला मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे वाटते आणि तो आणखी पेट्रोल सोडतो; दुसरीकडे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो तापतो आणि कालांतराने खरोखरच निकामी होतो. म्हणजे मी मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला असता, तर तोही त्याच वाटेने गेला असता.

दोष ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा की त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलचा, हे ठरवण्यासाठी मी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. कोड पी०३०१ झाला असता, तर कॉइल दोषी ठरली असती. तो बदलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, मी प्लग काढले, कारण गरम अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढताना आटे गेले, तर सगळी बचत तेथेच संपते. दुसरा प्लग काजळीने काळा झाला होता आणि त्याचे टोक झिजून फट रुंदावली होती. नवे तीन प्लग पाचशे रुपयांच्या आत आले. ते आधी हाताने फिरवून बसवले आणि मगच त्यांना पाना लावला. पुढच्या चाचणीत आकडा ६४ आला.

सोलापूरच्या धुळीमुळे एअर फिल्टर मी लवकर बदलतो, परंतु त्याने अ‍ॅव्हरेज वाढतो ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. आजच्या गाडीत संगणक हवेच्या प्रमाणात पेट्रोल कमी करतो. फिल्टर चोंदला तर पिकअप तेवढा मंदावतो. टायरमधील हवा मात्र मी दर पंधरवड्याला, ऊन चढण्यापूर्वी घरीच तपासतो, कारण टायर तापले की दाब वाढलेला दिसतो आणि कमी हवा लपून जाते.

एसीचा गॅस आणि ब्रेक यांना मी हात लावत नाही. इंजिन ऑइल एकदा घरी बदलले, ते काम सोपेही वाटले, पण निघालेले तीन लिटर काळे तेल गटारात ओतणे शक्य नव्हते आणि भंगारवाल्याने ते घेतले नाही. दोन महिने तो डबा जिन्याखाली पडून राहिला. अखेर मी तो कन्व्हर्टर बदलायला सांगणाऱ्या त्याच गॅरेजात घेऊन गेलो. तेथील मिस्त्रींनी काही न विचारता तो आपल्या पिंपात रिकामा केला आणि पीयूसी निघाली का, एवढेच विचारले.